निळ्या जोडीची सगळी पिल्लं निळी का नाही निघत? (पिसांच्या रंगासाठी घरगुती पैदास)

राखीतुरा:
नमस्कार मंडळी. घरी ऑर्पिंग्टन जातीच्या कोंबड्या पाळल्यात, कोंबडा निळा आणि कोंबड्याही निळ्याच, मुद्दाम तशाच निवडून घेतल्या कारण मला पुढे सगळा कळप निळा करायचाय. पण पिल्लं बघितली तर काही निळी, काही चक्क काळी आणि काही मळकट पांढरी, अंगावर शाई उडाल्यासारखे राखाडी डाग. दुसरा कोंबडा आत आलेला नाही एवढं नक्की, जाळी कायम बंद असते. मग आमचा कोंबडाच भेसळीचा आहे का? घरातले म्हणतात डागवाली काढून टाक. आणि दुसरं असं की एक लव्हेंडर रंगाची तलंग (तरुण कोंबडी) पण मिळालीये, तीही राखाडीच दिसते, तर ती या निळ्या कोंबड्याला लावली तर रंग पक्का होईल का?

खुराडेकर:
कोंबडा भेसळीचा नाही, आणि डागवाली अजिबात काढू नका, तुम्हाला जे हवंय त्यासाठी तीच लागणार आहेत.
कोंबडीत निळा असा वेगळा रंग नसतोच. पिसात रंगद्रव्यं दोनच, एक काळं आणि एक तांबूस-सोनेरी, बाकी जे काही प्रकार दिसतात ते सगळे या दोघांना कुठे पसरवायचं, कुठे थांबवायचं आणि किती फिकं करायचं यातून होतात. निळी कोंबडी म्हणजे मुळात काळी कोंबडी, जिला काळा फिका करणाऱ्या जीनचा एक डोस मिळालाय. दोन डोस मिळाले की ती मळकट पांढरी डागवाली होते, तिला स्प्लॅश म्हणतात. एकही नाही मिळाला तर काळी. आता तुमचे दोघंही निळे, म्हणजे दोघांकडे एकेक डोस, प्रत्येक जण पिल्लाला तो देईल किंवा नाही देणार, त्यामुळे चारातलं एक काळं, दोन निळी, एक स्प्लॅश असा हिशोब येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये बेटसन आणि पनेट या शास्त्रज्ञांनी अँडालुशियन कोंबड्यांवर हेच दाखवलं होतं, चौकोनात जोड्या मांडायची पद्धत ज्याच्या नावाने ओळखतात तोच हा पनेट.
हा हिशोब सरासरीचा आहे हे मात्र लक्षात ठेवा. आठ-दहा पिल्लांच्या उबवणीत निम्मी काळी निघाली तरी काही बिघडलेलं नसतं, लोक तेवढ्यावरून कोंबड्याला दोष देतात आणि चांगला नर घालवून बसतात.
सगळी निळीच पाहिजेत तर काळा आणि स्प्लॅश जोडी लावा. काळ्याकडे द्यायला काही नाही, स्प्लॅश प्रत्येक पिल्लाला एक डोस देणारच, म्हणून शंभर टक्के निळी. निळा गुणिले काळा केलं तर निम्मी निळी निम्मी काळी, निळा गुणिले स्प्लॅश केलं तर निम्मी निळी निम्मी स्प्लॅश. निळा कळप निळ्यातूनच टिकवायचा म्हटलं तर दर पिढीत हे तिन्ही येतच राहणार, त्याला इलाज नाही. तर त्या डागवाल्यांतली सगळ्यात दणकट तलंग ठेवा.

राखीतुरा:
काका खूप आभार, डोक्यातला गोंधळ बराच कमी झाला. डागवाली राहतील आता. लव्हेंडरचं काय पण?

खुराडेकर:
तिला या कोंबड्याला लावू नका, आणि हे जरा ठासून सांगतोय कारण यात दोन-तीन पिढ्यांचं काम खराब होतं. लव्हेंडर दिसायला निळ्याच्या जवळ पण आतून पूर्ण वेगळी गोष्ट. तो जीन लपणारा आहे, आई आणि बाप दोघांकडून मिळाला तरच दिसतो, एकाकडूनच मिळाला तर पक्षी काळाच दिसतो. त्यामुळे लव्हेंडर गुणिले लव्हेंडर सगळी लव्हेंडर, तिथे निळ्यासारखी फाटाफूट नाही. तुमची तलंग निळ्या कोंबड्याखाली गेली तर पिल्लं काही काळी काही निळी येतील, लव्हेंडर एकही नाही (कोंबड्यात तो लपलेला असला तरच निघेल), पण सगळी लव्हेंडर लपवून बसलेली. त्यांची आपसात जोडी लागली की मग निळा आणि लव्हेंडर दोन्ही एकाच अंगावर आलेले पक्षी निघतात आणि नुसत्या डोळ्यांनी कोण काय आहे ते सांगणं फार अवघड.
ओळखायचं असेल तर निळ्या पक्ष्याच्या पिसाला बहुतेक वेळा गडद कड असते आणि कोंबड्याची मान, पाठ काळपट दिसते. लव्हेंडर मात्र नखशिखांत एकसारखा, कोंबड्याची मानही त्याच फिक्या रंगाची.
तिच्यासाठी चांगला काळा कोंबडा बघा. पहिली पिल्लं सगळी काळी येतील, नाराज होऊ नका, त्यातली तलंग परत लव्हेंडर कोंबड्याला किंवा त्यातला कोंबडा याच तलंगेला लावलात की निम्मी लव्हेंडर. आणि उरलेली निम्मी काळी जी निघतात ती सगळी नक्की लव्हेंडर वाहणारी (जीन लपवून पुढे नेणारी) असतात, त्यात शंका नाही. याउलट त्या पहिल्या काळ्या पिल्लांचीच आपसात जोडी लावली तर लव्हेंडर पाव हिस्सा, आणि जी काळी निघतात त्यातली दोन तृतीयांश वाहणारी आणि एक तृतीयांश कोरी, दिसायला सगळी सारखी. म्हणून मी कायम आधीचा रस्ता सांगतो.
शिवाय लव्हेंडर पिढ्यानपिढ्या लव्हेंडरलाच लावत राहिलं की बऱ्याच ओळींत (वंशांत) शेपटीची आणि पंखांची पिसं विरलेली, फाटकी दिसायला लागतात, मध्ये मध्ये चांगल्या पिसाचा काळा पक्षी आणून त्यातून निवड करत राहिलं की फरक पडतो.

पंखवेडी:
फार उपयोगी धागा, वाचतेय. माझा प्रश्न पांढऱ्याचा आहे. एका ओळखीच्यांकडून पांढरा लेगहॉर्न कोंबडा आणला, तांबड्या कोंबड्यांना लावला तर पिल्लं पांढरीच आली पण मोठी होताना खांद्यावर तांबूस झाक दिसतेय. आणि माझ्या बहिणीकडे पांढरा प्लायमाउथ रॉक आहे, त्याची पिल्लं तिच्या काळ्या कोंबड्यांपासून एकसुद्धा पांढरं नाही!! एकच रंग आणि दोन ठिकाणी दोन तऱ्हा?

खुराडेकर:
पंखवेडीताई, पांढरे दोन आहेत. लेगहॉर्नमधला पांढरा प्रभावी, एकच डोस पुरतो, पण त्याचा जोर मुख्यतः काळ्यावर चालतो, तांबड्याला तो नीट झाकत नाही म्हणून खांद्यावर, छातीवर तांबूस डोकावतो. प्लायमाउथ रॉकमधला पांढरा लपणारा, दोन डोस लागतात, पण मिळाले की काळं तांबडं सगळं बंद. तुमच्या बहिणीच्या कोंबड्याने प्रत्येक पिल्लाला एकच डोस दिला आणि कोंबड्यांकडून काहीच आलं नाही, म्हणून सगळी रंगीत.
गंमत म्हणजे लपणारा पांढरा पक्षी आतून कुठल्याही रंगाचा असू शकतो, निळा, पट्टेदार, काहीही, वरून काहीच कळत नाही. जुन्या प्रयोगांत पांढरा लेगहॉर्न आणि लपणाऱ्या पांढऱ्याचा वायनडॉट यांची जोडी लावली, पहिली पिढी सगळी पांढरी आणि दुसऱ्या पिढीत सोळातली तीन रंगीत, म्हणजे दोन पांढऱ्या आजी-आजोबांच्या पोटी रंगीत नातवंडं. म्हणून रंगाच्या कामात अनोळखी पांढरा पक्षी घेताना मी दहादा विचार करतो.

कवडीकोंबडी:
पट्टेदार कोंबड्यांबद्दल पण लिहा ना. मी ऐकलंय की पिल्लू निघाल्या दिवशी नर मादी कळते, आमच्याकडे बॅर्ड रॉक कोंबडा आणि काळ्या कोंबड्या आहेत, पण सगळ्याच पिल्लांच्या डोक्यावर पांढरा ठिपका आहे, मग कळणार कसं?

खुराडेकर:
तुमची जोडी उलटी लागलीये. हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे, मला स्वतःला सगळ्यात आवडणारा, त्यामुळे जरा लांब लिहितो.
माणसात बापामुळे मुलगा की मुलगी ते ठरतं, कोंबडीत ते आईमुळे. कोंबड्याकडे दोन झेड गुणसूत्रं, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. पट्ट्यांचा जीन झेडवर असतो. म्हणजे कोंबडीकडे तो फार तर एकच असू शकतो, आणि तो ती फक्त मुलांना देते, मुलींना ती डब्ल्यू देते. आता पट्टेदार कोंबडी घ्या आणि तिला काळा किंवा तांबडा साधा कोंबडा लावा, सगळी नर पिल्लं पट्ट्यांचा जीन घेऊन निघतात, काळ्या लवेवर (पिल्लाच्या मऊ केसाळ पिसांवर) डोक्यावर पांढरा ठिपका, आणि माद्यांच्या डोक्यावर तो ठिपका नसतो. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि बॅर्ड रॉक कोंबडी ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध जोडी. तुमच्याकडे कोंबडा पट्टेदार असल्याने तो मुलगा मुलगी सगळ्यांनाच देतोय.
यामुळेच बॅर्ड रॉकचा कोंबडा कोंबडीपेक्षा फिका दिसतो, त्याच्याकडे दोन डोस असतात, तिच्याकडे एक. पनेट आणि त्यांचे सहकारी पीज यांनी १९२० च्या दशकात केंब्रिजला हाच फरक वापरून कॅम्बार नावाची जात तयार केली, बॅर्ड रॉक आणि गोल्डन कॅम्पाइन यांच्यातून, तिच्यात दर पिढीत शुद्ध जोडीतूनही पिल्लाची नर मादी लवेवरून कळते कारण दोन डोसवालं पिल्लू बरंच फिकं असतं.
चंदेरी आणि सोनेरीचं पण तसंच, तोही जीन झेडवर. चंदेरी प्रभावी. सोनेरी कोंबडा आणि चंदेरी कोंबडी लावली तर नर पिल्लं फिकी पिवळी आणि माद्या तांबूस. उलट जोडीत काही कळत नाही.
आणि यातून निवडीचा एक नियम निघतो जो मी सगळ्यांना सांगत असतो: झेडवरच्या रंगाबाबत कोंबडी काही लपवू शकत नाही. तिच्याकडे जागाच एक. चंदेरी दिसते म्हणजे ती चंदेरीच. कोंबडा मात्र चंदेरी दिसत असूनही आत सोनेरी ठेवून असू शकतो, अशांचा पांढरा बऱ्याचदा पिवळट मारतो पण दर वेळी नाही. खात्री करायची तर सोनेरी कोंबडीला लावून बघा, लपवत असेल तर सरासरी निम्मी पिल्लं सोनेरी. सात पिल्लांत एकही सोनेरी नाही निघालं तर तो लपवत असण्याची शक्यता एक टक्क्याच्याही खाली जाते. लव्हेंडर लपवणारा काळा शोधायला पण हीच पद्धत, लव्हेंडर जोडीदार द्यायचा आणि पिल्लं बघायची.

पंखवेडी:
चॉकलेटी पण यातलाच का? ऑर्पिंग्टनमधला?

खुराडेकर:
हो, तो झेडवरचा पण लपणारा. चॉकलेटी कोंबडा काळ्या कोंबडीला लावला तर सगळ्या मुली चॉकलेटी आणि मुलगे काळे, पण रंग वाहणारे. चॉकलेटीसारखाच दिसणारा डन नावाचा रंगही आहे, तो मात्र त्या प्रभावी पांढऱ्याचाच भाऊबंद, त्याचा हिशोब वेगळा, दोन्ही एकात मिसळू नका.

रानपाखरू:
माझ्याकडे दोन-तीन कोंबडे एकत्रच फिरतात, आता वेगळी जोडी करायची ठरवली तर कोंबड्या बाजूला काढून किती दिवस थांबायचं? आठवडा पुरेल ना?

खुराडेकर:
नाही पुरत. कोंबडीच्या अंडनलिकेत बारीक नळ्या असतात त्यात नराचं बीज साठून राहतं, दोन-तीन आठवड्यांपर्यंत आधीच्या कोंबड्याचं पिल्लू येऊ शकतं. तीन आठवडे थांबा, महत्त्वाची जोडी असेल तर चार. जुना कोंबडा काढल्या दिवशीच नवा आत सोडला आणि पंधरा दिवसांनी अंडी बसवली तर बाप कोण हे कुणीच सांगू शकणार नाही, आणि मग वर लिहिलेला सगळा हिशोब वाया.

पंखवेडी:
यात माझी भर. खूण ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं, तेच लोक टाळतात. अंड्यावर पेन्सिलने आईची खूण आणि तारीख लिहायची, मार्कर नको. अंडी आठवडाभराच्या आतलीच बसवते, टोकदार बाजू खाली ठेवून साठवायची. १८ व्या दिवशी अंडी फिरवणं थांबतं तेव्हा मी प्रत्येक कोंबडीची अंडी इन्क्युबेटरमध्ये जाळीच्या वेगळ्या कप्प्यात ठेवते, २१ व्या दिवशी पिल्लं निघाली की कुठलं कुणाचं हे ठरवायला डोकं खाजवावं लागत नाही. खुडूक कोंबडीखाली बसवत असाल तर एका कोंबडीखाली एकाच आईची अंडी. मग पायात रंगीत रिंग, आणि ही रिंग दर आठवड्याला बघायची कारण पिल्लाचा पाय झपाट्याने जाड होतो, रिंग रुतली तर पाय जायची वेळ येते, वेळेत मोठी घालायची. वहीत बाप, आई, पिल्लाची लव कशी होती आणि मोठेपणी काय झालं एवढं लिहिलं तरी दोन वर्षांनी ती वही सोन्याची वाटते.

खुराडेकर:
ताईंनी लाखातलं सांगितलं. लव कशी होती हे लिहिणं विशेष, कारण पुढच्या वेळी पिल्लू निघाल्या दिवशीच अंदाज बांधता येतो.

राखीतुरा:
निवड कितव्या महिन्यात करता तुम्ही? माझी निळी पिल्लं आता अर्धवट पिसांत आहेत आणि रंग फार गढूळ दिसतोय, एकाच्या मानेवर तर तपकिरी पिसं आलीत.

खुराडेकर:
आत्ता काहीच ठरवू नका. लव गेली की येणारी पिसं ही शेवटची नसतात, मोठी होईपर्यंत ती पुन्हा बदलतात, साधारण पाच-सहा महिन्यांची झाल्यावर खरा रंग कळतो, कोंबड्याची मान आणि पाठीवरची लांब पिसं तर सगळ्यात शेवटी येतात. कडवाल्या नक्षीच्या जातीत, म्हणजे सिल्व्हर लेस्ड वायनडॉटसारख्या, पहिली पिसं बघून पक्षी काढून टाकणं म्हणजे चांगला पक्षी घालवणं. पांढऱ्या ठिपक्यांच्या जातीत, अँकोना, स्पेकल्ड ससेक्स वगैरे, दर पीसगळीनंतर पांढरं वाढत जातं, त्यामुळे तिथे तरुणपणी ठिपके थोडे कमी असलेला पक्षी ठेवायचा.
मानेवरची तपकिरी पिसं मात्र लिहून ठेवा. तो कोंबडा असणार बहुतेक. काळ्या किंवा निळ्या रंगाखाली प्रत्येक पक्ष्यात सोनेरी किंवा चंदेरी असतंच, काळा त्याला झाकतो, आणि झाकण अपुरं पडलं की ते कोंबड्याच्या मानेत, खांद्यात आधी दिसतं. मोठेपणीही राहिलं तर त्याला पैदाशीत घेऊ नका.
आणि रंग बघताना पंख उचलून आतलं पीस बघा. उन्हाने निळा तपकिरी पडतो, लव्हेंडर पिवळट, पांढरा पितळी, बफ (फिका सोनेरी) तर फारच विटतो. आत रंग चांगला असेल तर ते फक्त ऊन आहे, पीसगळीनंतर नवीन पीस स्वच्छ येतं. फिरवून सावली द्या आणि पीसगळीत खाण्यात प्रथिनं वाढवा, पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचंच बनतं आणि मेथिओनिन (प्रथिनांतला एक घटक) कमी पडलं तर पीस ठिसूळ, निस्तेज येतं.

रानपाखरू:
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. रंगाच्या मागे लागून लोक पक्ष्याची वाट लावतात असं मला वाटतं. भाऊ-बहीण लावत राहायचे, अंडी कमी, पिल्लं अंड्यातच मरतात, पण रंग बघा किती छान! आणि निम्मे कोंबडे निघतात त्यांचं काय करता तुम्ही लोक?

खुराडेकर:
राग कसला, हे कुणीतरी बोलायलाच पाहिजे होतं. सख्ख्या भावा-बहिणीची जोडी म्हणजे पिल्लाच्या चतुर्थांश जीनजोड्यांत दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता, आणि हेच पुढे दोन-तीन पिढ्या केलं की आधी अंडी फळत नाहीत, मग भरलेली अंडी शेवटच्या दिवसांत मरतात, मग बोटं वाकडी, वाढ कमी. एखादा लपणारा रंग पक्का करायला मुलगी परत बापाला एकदा लावणं मी समजू शकतो, पण ती सवय नको.
घरच्या छोट्या कळपासाठी सोपा मार्ग आहे. कोंबड्यांचे तीन गट करा, त्यांना तीन खुणा द्या. मुली कायम आईच्याच गटात राहतात, मुलगे दर वर्षी पुढच्या गटात जातात, पहिल्यातला दुसऱ्यात, दुसऱ्यातला तिसऱ्यात, तिसऱ्यातला पहिल्यात. एवढ्याने सख्खे जवळ येत नाहीत आणि बाहेरून नवा पक्षी आणून अनोळखी रंग आत घुसवायची गरज बरीच वर्षं पडत नाही. आणि निवडीचा क्रम: आधी डोळे, पाय, चालणं, वजन, आईची अंडी, मग रंग. रंग दोन पिढ्यांत परत आणता येतो, गेलेली ताकद नाही येत.
कोंबड्यांचं म्हणाल तर अंडी बसवायच्या आधीच ठरवावं लागतं, ते खाणार, देणार की पाळणार. ते उत्तर तयार नसेल तर कमी अंडी बसवावीत, माझं ठाम मत आहे हे.

रानपाखरू:
हे पटलं. तीन गटांचं करून बघतो.

कवडीकोंबडी:
लेस्ड नक्षी घरी तयार करता येईल का, काळ्या कोंबड्यातून वगैरे?

खुराडेकर:
शून्यापासून नका करू. एका पिसावर ती एकच कड यायला किमान तीन वेगळे जीन एकत्र बसावे लागतात, त्याखाली मूळ रंगाचा पायाही योग्य लागतो, आणि काळा पक्षी त्यात आणलात की पूर्ण काळा पाया सगळी नक्षी झाकून टाकतो, पहिल्या पिढीत काय निवडायचं तेच दिसत नाही. नक्षीची जात आहे तशी घ्या आणि तिच्यातच सुधारत न्या. काही पट्टेरी, रेघांच्या जातींत तर उत्तम कोंबडे एका जोडीतून आणि उत्तम कोंबड्या वेगळ्याच जोडीतून काढायची जुनी पद्धत आहे, दोन वेगळ्या ओळी पाळाव्या लागतात. सुरुवातीला निळा-काळा-स्प्लॅश बरा, एकच जीन आणि तिन्ही प्रकार डोळ्यांना दिसतात.

राखीतुरा:
मग माझं असं ठरलं, चूक असेल तर सांगा. स्प्लॅश तलंगा ठेवतो, काळ्या पिल्लांतला कोंबडा त्यांना न लावता दुसऱ्या ओळीतला काळा ऑर्पिंग्टन कोंबडा बघतो, म्हणजे भाऊ-बहीणही नको आणि पिल्लं सगळी निळी. तोच काळा लव्हेंडर तलंगेलाही चालेल ना?

खुराडेकर:
चालेल, उत्तम. फक्त त्याने लव्हेंडर लपवलेला नाही हे आधी कळलं पाहिजे, म्हणून पहिल्यांदा लव्हेंडर तलंगेलाच द्या. सात-आठ पिल्लं सगळी काळी निघाली की तो कोरा समजा आणि मग स्प्लॅशकडे सोडा. दोन गटांत एकाच वेळी फिरवू नका. काळा घेताना उन्हात उभा करून बघा, पिसावर हिरवी चमक हवी, जांभळे पट्टे असतील तर घेऊ नका. आणि तुमचा आत्ताचा निळा कोंबडा काढला की स्प्लॅश तलंगांची तीन आठवड्यांची अंडी स्वयंपाकघरात.